चौदा एमबीचा डबा

“माझ्या डब्याला कुणी हात लावायचा नाही,” धामणे म्हणाले आणि त्यांनी टेबलावर हात आपटला. टेबलावर शिरोडे साहेबांची मिसळ होती. तर्री हलली, सांडली नाही. साहेबांनी प्लेट स्वतःकडे ओढून घेतली.

“हात कोण लावतंय?” मी म्हटलं. “मी फक्त आतलं सामान बाहेर काढणार आहे.”

“म्हणजे हातच लावणार.”

“हात न लावता निघत असेल तर मला शिकवा.”

“सहा महिने झाले यांना येऊन,” धामणे साहेबांकडे वळून म्हणाले, “अजून कुठल्या गोदामाचं दार कुठे आहे ते माहीत नाही, आणि निघाल्या सामान काढायला.”

साहेब पाव तोडत होते. फोन स्पीकरवर होता आणि फोनमध्ये वणीच्या पलीकडचे शीतगृहवाले गांगुर्डे होते. त्यांना आम्ही तिघं विसरलो होतो.

“ओ साहेब,” गांगुर्डे म्हणाले, “तुमची भांडणं झाली की सांगा. तोवर मी जेवून येतो.”

“बोला, बोला, भाऊ,” साहेब म्हणाले.

“काय बोलू? कालपासून तुमचं ते अपडेट उतरवतोय. वर चढत जातं, शेवटाला येतं, अन् टॉवर गेला की पुन्हा शून्यावर. सापशिडी चाललीय सगळी. नवीन कॉम्प्रेसर आणून बसवलाय, तुमचा जुना प्रोग्राम त्याला ओळखत नाही. सोमवारी द्राक्षं येणार. काय करू मी, पंख्यानं वारा घालू?”

ही सगळी गोष्ट घडली तेव्हा मी हिमरेखा नावाच्या कंपनीत होते. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. कंपनी सातपूरच्या एमआयडीसीत, एका पापडाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. आम्ही द्राक्षांच्या शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर करायचो. प्रत्येक गोदामात भिंतीवर एक छोटा कॉम्प्युटर असे. त्यात आमचा प्रोग्राम चाले. तो सेन्सरला तापमान विचारी आणि त्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करी. काम एवढंच. माणसानं केलं असतं तर त्याला आपण वॉचमन म्हटलं असतं.

हा प्रोग्राम गोदामांना पाठवताना आम्ही त्याची कंटेनर इमेज करायचो. इमेज म्हटलं तरी तिचा फोटोशी काही संबंध नाही. प्रोग्राम आणि त्याला चालायला जे जे लागतं ते सगळं एका बंद डब्यात भरायचं आणि तो डबा इंटरनेटवरून जसाच्या तसा धाडायचा. ऑफिसात सगळे तिला डबाच म्हणत. आमचा प्रोग्राम होता मूठभर. पण धामण्यांनी भरलेला डबा सव्वा जीबीचा होता.

कारण त्यात सगळं होतं. प्रोग्राम ज्या सोर्स कोडवरून बनतो तो कोड. त्या कोडचा प्रोग्राम करणारा कंपाइलर. कोड लिहायचा एडिटर. शिवाय लिनक्स नावाची अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्या मॅन्युअलसकट. कंपाइलरचं काम प्रोग्राम तयार झाला की संपतं. चकल्या पाठवायच्या तर आपण चकल्या पाठवतो. धामणे सोऱ्या, कढई, घाणा आणि चकल्या करणारी काकू पाठवत होते.

“पेन ड्राइव्ह घेऊन मी स्वतः जातो,” धामणे म्हणाले. “नेहमी जातो तसा. बसवून देतो, संध्याकाळी परत.”

“सगळी गोदामं एकाच आठवड्यात सुरू होणार आहेत,” मी म्हटलं. “नवा कॉम्प्रेसर सगळीकडे लागणार. तुम्ही एकटे कुठे कुठे जाणार? वरात काढणार का?”

“मी चार वर्षं जातोय. माझ्या डब्याबद्दल कुणाची तक्रार नाही.”

“आत्ता फोनवर जे आहेत ते कोण आहेत?”

“ताई बरोबर बोलतायत,” फोनमधून आवाज आला.

धामण्यांनी फोनकडे असं पाहिलं की फोन माणूस असता तर त्यानं नोकरी सोडली असती.

“आणि जागेवर काही बिघडलं तर?” ते मला म्हणाले. “तुमच्या डब्यात आज्ञा द्यायला शेल नसणार, एडिटर नसणार, काही नसणार. आत शिरणार कसं? डॉक्टरला पोट उघडायला सुरी नको?”

“तुमच्या पेशंटचं पोट रोज का उघडावं लागतं?”

धामणे पांढरे पडले. मला वाटलं, टोमणा लागला. पण नुसत्या टोमण्यानं माणूस इतका पांढरा पडत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

शिरोडे साहेबांनी रुमालानं हात पुसले. हा माणूस आधी पाइपांचा व्यापार करायचा. सॉफ्टवेअरमधलं त्याला काही कळत नसे. पण माणसं एकमेकांवर सोडली की काम लवकर होतं, हे तो पाइपांच्या धंद्यातून शिकला होता.

“ऐका,” साहेब म्हणाले. “मला या कंपनीत प्रोग्रामचा एकच मुख्य पाहिजे. दोन घेऊन बघितले, रोज डोकं दुखतं. सोमवारी वणीला द्राक्षं येतील. मॅडम, तुमचा बारीक डबा तिथे पोचला आणि चालला, तर तुम्ही राहाल. नाही चालला तर धामणे पेन ड्राइव्ह घेऊन जातील, आणि ते राहतील. दुसऱ्यानं मंगळवारी यायची तसदी घेऊ नये.”

“हे लेखी द्याल का?” धामण्यांनी विचारलं.

“शब्द देतो.”

त्या दिवशी बुधवार होता. मी आधीची नोकरी कंपनी बुडाल्यामुळे गमावली होती आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला मुलाखतीला बोलावून ‘तुम्ही आमच्यासाठी फारच अनुभवी आहात’ असं सांगणारी पुण्यातली सगळी ऑफिसं मला तोंडपाठ झाली होती. मला मंगळवारी यायचंच होतं.

पद्धत तशी सोपी असते. दोन टप्प्यांत काम करायचं. पहिला डबा स्वयंपाकघराचा. त्यात कंपाइलर, कोड, सगळा पसारा. तिथे प्रोग्राम तयार करायचा. मग दुसरा डबा घ्यायचा, अगदी रिकामा, आणि तयार प्रोग्राम तेवढा त्यात ठेवायचा. पहिला डबा गोदामाला जातच नाही.

गुरुवारी सकाळी मी असा डबा केला आणि चालवला. मशीन म्हणालं, फाइल सापडत नाही.

फाइल समोर होती. मी नाव तपासलं, जागा तपासली. पुन्हा चालवलं. फाइल सापडत नाही.

“वा,” मागून आवाज आला. धामणे चहाचा कप घेऊन उभे होते. “मशीनलासुद्धा तुमचं काम दिसत नाही, मॅडम.”

“तुम्हाला तुमचं टेबल नाही का?”

“आहे. पण इकडे करमणूक आहे.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “रिकाम्या घरात प्रोग्राम एकटा राहील होय? त्याला सी लायब्ररी कोण देणार, तुमचे वडील?”

ते हसत निघून गेले आणि मी ताठ बसले. आमचा प्रोग्राम दिसायला एक फाइल असला, तरी चालायला लागला की लिनक्सच्या सी लायब्ररीचा हात धरायचा. रिकाम्या डब्यात ती नव्हती. मशीन जी फाइल सापडत नाही म्हणत होतं ती हीच. मी प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला, लायब्ररीचा लागेल तो भाग त्याच्या पोटातच घातला. चालला. वडिलांचा उद्धार केल्याबद्दल मी धामण्यांच्या टेबलाकडे पाहून नमस्कार केला. त्यांनी तो घेतला नाही.

दुपारी प्रोग्राम आमच्या सर्व्हरशी बोलेना. सर्व्हर म्हणे, ओळख पटत नाही.

“ओळखपत्रं बघायला कुणी शिकवलंच नसेल तर समोरचा खरा की खोटा, कळणार कसं?” धामणे जाता जाता भिंतीला उद्देशून म्हणाले. “काही लोकांना कसंही चालतं. कंपनीत घेतातच ना.”

सर्टिफिकेट! समोरचा सर्व्हर खरा आहे हे ताडून बघायची सर्टिफिकेटं लिनक्सबरोबर आपोआप येतात. रिकाम्या डब्यात ती कुठून येणार? मी तेवढी एक फाइल डब्यात टाकली. जमलं.

हिमरेखेत लिहून ठेवलेलं असं काहीच नव्हतं. धामण्यांचे टोमणे हेच आमचं मॅन्युअल. फक्त ते नीट लावून वाचावं लागे.

शुक्रवारी घड्याळ साडेपाच तास मागे पडलं. तिसरा टोमणा यायला वेळ लागला नाही.

“मॅडमचा डबा विलायतेला पोचला,” धामण्यांनी अख्ख्या मजल्याला सांगितलं. “द्राक्षांच्या आधी!”

म्हणजे डब्यात भारताची वेळ कुठली ते सांगणारी माहिती नव्हती. तीही टाकली. डबा मोजला. चौदा एमबी.

मी आकडा मोठ्यानं वाचला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खालून उडदाच्या पिठाचा वास येत होता. धामणे उठून माझ्या टेबलाशी आले आणि पडदा बघत राहिले. या वेळी त्यांच्या हातात चहा नव्हता.

“शेल तरी ठेवा,” ते म्हणाले.

“काय?”

“एवढंसं असतं. एक-दोन एमबी. तुमच्या आकड्याला धक्का लागणार नाही.”

“कशाला?”

“असू दे. आणि कंपाइलर…” ते थांबले. “कंपाइलर पण ठेवता आला तर बघा.”

“धामणे, कंपाइलर ठेवला की उरलेलं सगळं परत आलं. गोदामात प्रोग्राम चालवायचा आहे. तिथे लिहायचा नाहीये.”

“तुम्हाला नसेल लिहायचा.”

“तुम्हाला लिहायचाय?”

त्यांचं बोट माझ्या पडद्यापर्यंत आलं आणि परत गेलं. मग त्यांचा नेहमीचा चेहरा परत आला. “ठीक आहे. सोमवारी भेटू. बाईमाणूस म्हणून सांगून बघितलं.”

“बाईमाणूस म्हणून ऐकून घेतलं,” मी म्हटलं.

शनिवारी सकाळी मी डबा वणीला सोडला आणि गांगुर्ड्यांना फोन केला.

“भाऊ, अपडेट सुरू केलंय. लक्ष ठेवा.”

“ठेवतो. टॉवर आत्ता आहे, पण त्याचा भरवसा… अरे! झालं का?”

“झालं?”

“पूर्ण म्हणतंय. कॉम्प्रेसर पण ओळखला. ताई, अर्धाच पाठवला का? एवढ्या लवकर कसं झालं?”

“पूर्ण पाठवलाय.”

“मग आधी धामणे साहेब काय पाठवत होते?”

धामणे शेजारच्या टेबलावर होते. फोन स्पीकरवर नव्हता, पण गांगुर्ड्यांना फोनवर बोलायला फोनची फारशी गरज पडत नसे.

रविवारी सगळं ठीक चाललं. सोमवारी सकाळी मी नवी साडी नेसून ऑफिसला गेले. धामणे माझ्याआधी आलेले होते. लॅपटॉप बॅगेत, बॅग खांद्यावर, गाडीची किल्ली हातात. कुणीतरी बोलावेल याची खात्री असलेला माणूस जसा बसतो, तसे ते बसले होते.

जेवणाच्या सुट्टीच्या आधी साहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

“साहेब, काहीतरी चुकतंय,” गांगुर्डे म्हणाले. आवाजात पहिल्यांदाच चेष्टा नव्हती. “एक नंबरच्या चेंबरला माल भरलाय. पडद्यावर तापमान शून्य. शून्यच पाहिजे, बरोबर. पण कॉम्प्रेसर बंद पडलाय, अन् आत गेलो तर गार लागत नाही. साधा थर्मामीटर लावला, नऊ दाखवतोय. माल परदेशी जायचाय.”

शिरोडे साहेब उठून उभे राहिले. “कॉम्प्रेसर हातानं चालू होतो का?”

“होतो. चालू केलाय. पण किती वेळ हातानं चालवू? बाकीचे चेंबर पण भरायचेत. पडद्यावर विश्वास ठेवायचा का नाही ते सांगा.”

“मी सांगितलं होतं,” धामणे म्हणाले. आनंद लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. “माझ्या डब्यात चार वर्षांत हे एकदाही झालं नाही. विचारा त्यांना.”

“खरंय,” गांगुर्डे म्हणाले. “आधी असं नव्हतं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मंगळवार होता.

धामण्यांनी लॅपटॉप उघडला. “दोन मिनिटांत करतो,” म्हणत ते वणीच्या मशीनला जोडले गेले. तिथवर ते पोचले. मग त्यांनी डब्याच्या आत जायची आज्ञा दिली. मशीननं नाही म्हटलं. पुन्हा दिली. पुन्हा नाही.

“आत जाता येत नाही,” ते म्हणाले.

“आत शेल नाही,” मी म्हटलं. “आत जाऊन काय करणार होता?”

“दुरुस्ती.”

“कसली?”

“तुम्हाला काय करायचंय? तुम्ही बिघडवा, मी दुरुस्त करतो.”

“मी काय बिघडवलंय ते तरी सांगा. कोड तुमचा आहे. त्यातली एक ओळ मी बदललेली नाही. मी फक्त डबा बदलला.”

“थांबा,” शिरोडे साहेब म्हणाले. पाइपांच्या व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावर एक साधा हिशोब सुरू झालेला दिसत होता. “प्रोग्राम तोच?”

“तोच.”

“मग त्याच प्रोग्रामला यांच्या डब्यात हा रोग नव्हता, आणि तुमच्या डब्यात झाला. कसा?”

मी धामण्यांकडे वळले. ते लॅपटॉपच्या पडद्यात बघत होते, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

“कारण तो प्रोग्राम तोच नव्हता,” मी हळूच म्हटलं. “हो ना, धामणे?”

त्यांनी पुन्हा तीच आज्ञा दिली. मशीननं पुन्हा नाही म्हटलं.

“तुम्ही जागेवर जाऊन डब्यात शिरायचा. आतला कोड तिथेच बदलायचा, तिथेच कंपाइल करायचा, तिथेच चालवायचा. आपल्याकडे ऑफिसात जो कोड आहे त्यात तो बदल कधी आलाच नाही. म्हणून दर अपडेटला तुम्हाला स्वतः जावं लागायचं. नवा डबा आला की तुमचे बदल पुसले जायचे, मग पुन्हा आत शिरून लिहायचे. म्हणून कंपाइलर पाहिजे. म्हणून काकूसुद्धा पाहिजे.”

“कुठली काकू?” साहेबांनी विचारलं.

“जागेवर अडचण आली की जागेवर सोडवायची असते,” धामणे म्हणाले. “इथे बसून निबंध लिहायचे नसतात. माझ्यामुळे चार वर्षं एक घड सडलेला नाही.”

“ते मान्य,” साहेब म्हणाले. “आता काय करायचं ते बोला.”

धामण्यांनी लॅपटॉप मिटला. दोन्ही हात त्यावर ठेवले. “ही दुरुस्ती मला पाठ आहे. सांगायला अर्धं मिनिट लागेल. आधी या बाईंना टेबल रिकामं करू दे.”

मला वाटलं होतं साहेब ओरडतील. साहेब खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. व्यापारी माणूस, समोरच्यानं भाव सांगितला की बसतोच.

“आज लगेच कसं काढू?” साहेब म्हणाले. “महिनाअखेरपर्यंत राहू द्या.”

“आज.”

“रजेवर पाठवतो.”

“रजेवरून माणूस परत येतो.”

“बरं, मुख्य तुम्हीच. त्या तुमच्या हाताखाली.”

“माझ्या हाताखाली मला अक्कल असलेली माणसं नकोत.”

माझ्याबद्दल इतकं चांगलं ते पहिल्यांदाच बोलले होते. मी ऐकायला थांबले नाही. माझ्या टेबलाशी जाऊन कोड उघडला. पडद्यावर शून्य, आत नऊ. शून्य कुठून आलं? सेन्सर शून्य म्हणाला, की सेन्सर काहीच म्हणाला नाही?

सापडलं. तापमान ठेवायला जी जागा केली होती, तिच्यात कुणी काही भरलं नाही तर ती आपोआप शून्य असते. या भाषेचा स्वभावच तो. सेन्सरकडून उत्तर आलं नाही तर कोड कुरकुर न करता पुढे जायचा, आणि जागेत शून्य तसंच राहायचं. इतर कुठल्या धंद्यात हे लगेच लक्षात आलं असतं. द्राक्षांच्या धंद्यात शून्य म्हणजे सगळं उत्तम. सेन्सर मेला की आमचा प्रोग्राम समाधानी व्हायचा आणि कॉम्प्रेसर बंद करायचा.

मी चार ओळी लिहिल्या. उत्तर नाही आलं तर ते तापमान मानायचं नाही, लाल अक्षरात ओरडायचं, कॉम्प्रेसर बंद करायचा नाही. चाचणीसाठी माझ्या टेबलावर एक सेन्सर असे, त्याची वायर उपटून बघितली. ओरडला. डबा बांधला, वणीला सोडला.

तिकडे सौदा ‘अर्धा पगार देऊन घरी बसवा’ इथपर्यंत आला होता, तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

“ताई हायत का?” गांगुर्डे ओरडत होते. “लाल अक्षरं आली बघा! सेन्सर बोलत नाही म्हणतंय. जाऊन बघितलं तर वायरच तुटलीय, ट्रॉलीच्या चाकाखाली आली. जोडली आता. नऊ दाखवतंय, आठ झालं… उतरतंय, उतरतंय! माल वाचला. धामणे साहेबांना सांगा, यायचं कारण नाही.”

साहेबांनी फोन ठेवला. धामण्यांचा चेहरा मला नीट बघायचा होता आणि मी तो नीट बघितला.

“बाकीच्या गोदामांत पण असंच आहे?” साहेबांनी त्यांना विचारलं. “तुमच्या हातचं?”

“सगळीकडे.”

“हीच दुरुस्ती?”

“ही, आणि जिथे जे लागलं ते. कुठे दाराचं, कुठे पंख्याचं. प्रत्येक गोदामाचं वेगळं.”

“कुठे लिहून ठेवलंय?”

धामण्यांनी कपाळाला बोट लावलं.

साहेब त्या कपाळाकडे माल जोखावा तसं बघायला लागले. मी मनात वाक्य जुळवत होते. मोठेपणानं काहीतरी म्हणायचं, धामण्यांना एक संधी द्या वगैरे. नाकारली जाईल याची खात्री होती, म्हणूनच म्हणणार होते.

“मॅडम,” साहेब म्हणाले, “उद्या वणीच्या डब्यात काही बिघडलं तर कोण लागेल?”

“कुणीही चालेल,” मी अभिमानानं सांगितलं. “कोड इथे आहे. वाचायचा, बदलायचा, डबा बांधायचा, सोडायचा.”

“कुणीही?”

“ज्याला हे काम येतं असा कुणीही. तेच तर मी केलंय.”

“आणि बाकीच्या गोदामांत बिघडलं तर?”

धामण्यांनी खांद्यावरचा बॅगेचा पट्टा सारखा केला.

“म्हणजे तुमचं काम पूर्ण झालं,” साहेब मला म्हणाले, “आणि यांचं कधी पूर्ण व्हायचं नाही. मग मी कुणाला ठेवू? तुम्हीच सांगा.”

“तुम्ही शब्द दिला होता. वणीला माझा डबा चालला.”

“दिला होता. नाही कुठे म्हणतोय?” साहेबांच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. “शब्द दिला तेव्हा मला वाटत होतं की बाकीची गोदामं माझ्या हातात आहेत.”

दुपारी मी धामण्यांना काम सोपवायला बसले. तशी पद्धत असते. मी डबा बांधायची फाइल उघडली. एका पडद्यात मावेल एवढी. वरचा अर्धा भाग स्वयंपाकघर, खालचा अर्धा रिकामा डबा. प्रोग्राम, सर्टिफिकेटं, घड्याळाची माहिती.

धामण्यांनी ती वाचली. “पुढे?”

“पुढे काही नाही. संपलं.”

“पासवर्ड?”

“डब्याला नाही लागत.”

“मागचं दार कुठे ठेवलंय?”

“ठेवलेलं नाही.”

“हे बघा मॅडम, तुम्ही दिसता तितक्या साध्या नाही. घरी बसून आत शिरता येईल असं काहीतरी ठेवलं असणार.”

“आत शिरायला आत शेल नाही. शुक्रवारी तुम्हीच मागत होता.”

त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. डबा उघडून एकेक फाइल बघायला लागले. बघण्यासारख्या फाइली होत्याच किती? बघून झालं की पुन्हा पहिलीपासून सुरुवात. मी शेजारी उभी राहून टेबल आवरलं. चार पेनं, एक शाल, एक चहाचा मग. नवी साडी उगाच नेसले, असं एकदा वाटून गेलं.

मी जिन्याशी पोचले तेव्हा ते मागून आले. पहिल्यांदाच त्यांनी मॅडम म्हटलं नाही.

“वाळिंबे,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “आता तर तुम्ही चालल्या. आता खरं सांगा. साहेबांनी पुन्हा बोलवावं म्हणून काय ठेवलंय?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“असं कुणी करतं का?” त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. ते घाबरले होते.

मी उतरायला लागले, तसे ते घाईनं टेबलाकडे परत गेले. खालच्या वळणापर्यंत वरून कीबोर्डचा आवाज येत होता. ते अजून शोधत होते.